मार्थाचा कोरडा शिधा

आमच्या आणि मार्थाच्या घराची मधली भिंत एकच आहे. काही लागलं, काही सांगायचं असलं की ती पलीकडून दोन थापा मारायची आणि मी अंगणात जायचे. नोव्हेंबरातल्या एका सकाळी थापा पडल्या त्या दोन नव्हत्या, पडतच राहिल्या. मी ज्वारी निवडत होते. सूप खाली ठेवलं आणि तशीच अनवाणी गेले. मार्थाची लेक रूत भिंतीला टेकून उभी होती, हात अजून भिंतीवरच होता. "काकू, आई..." एवढंच म्हणाली. पुढचं बोलायची गरज नव्हती. मार्था खाटेवर होती. तोंड उघडं राहिलं होतं, ते मी आधी मिटलं आणि हनुवटीखालून रुमाल बांधला. रडणं नंतर झालं, तेही थोडंच. या वयात माणूस गेलं की रडण्याआधी कामं सुचतात.

पंधरा दिवसांनी छावणीतल्या चर्चमध्ये तिच्या स्मरणाची उपासना झाली. मला रूतनं पुढच्या बाकावर बसवलं. पाळक बोलले, मंडळीतली माणसं बोलली, आणि प्रत्येकानं एकच गोष्ट सांगितली. मार्थाबाई दर नाताळला शेजारच्या गयाबाईंना कोरडा शिधा द्यायच्या, रवा, मैदा, गूळ, खोबरं. गयाबाई त्याच्या करंज्या तळायच्या आणि दोन्ही घरं मिळून खायची. "दोन धर्म आणि एक कढई," पाळक म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. मग मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, "ती चांगली होती," म्हणाले आणि खाली बसले. दुःखानं बोलता येईना, असं लोकांना वाटलं असावं. तसं नव्हतं. ती रीत कशी पडली ते आम्हा दोघींनाच माहीत होतं, आणि त्यात माझं कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवते आणि गॅस पेटवायला विसरते. उगाच अंगणात जाऊन उभी राहते. हे तिच्या हयातीत बोलायला हवं होतं, ते झालं नाही. म्हणून इथं लिहिते.

चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते तेव्हा आम्ही गाव सोडून आलो. आमची जात धनगराची. माझं लहानपण मेंढरांमागं गेलं, शाळा चौथीपर्यंत. मालकांना कारखान्यात काम लागलं आणि आम्ही भाड्याच्या खोल्यांच्या ओळीत राहायला आलो. कोण कुठल्या गावचा, कुणाला माहीत नव्हतं. पण कोण कुठल्या जातीचा, ते आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. आमच्या डाव्या हाताला रहिमाबी, तिचा नवरा शिवणकाम करायचा. उजव्या हाताला मार्था. ती दवाखान्यात आया होती, तिचा नवरा दानिएल आमच्या मालकांबरोबर कारखान्यात. पहिल्या नाताळला ती पांढरं पातळ नेसून, हातात फराळाचं ताट घेऊन आमच्या दारात उभी राहिली. माझ्या सासूनं, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं गं तुझं?" मार्था हसून म्हणाली, "गेलं नाय आत्याबाई, आलंय. आमच्या येशूचा जन्म झालाय." आत्याबाईंनी ताट घेतलं, पण ती वळताच करंज्या शेळीपुढं टाकल्या. तिच्या आईबापांनी धर्म बदलला होता, पण आत्याबाईंच्या लेखी ती आधी जी होती तीच होती, आणि तिच्या हातचं आमच्या घरात चालत नव्हतं. मी ताट धुतलं आणि त्यात ओंजळभर ज्वारी घालून परत दिलं. मला वाईट वाटलं का? आज वाटतं. त्या दिवशी वाटलं नव्हतं, खोटं कशाला सांगू.

मार्था देवाचं बोलायची ते नळावर, कपडे धुताना, ज्वारी दळून आणताना. दुकान मांडल्यासारखं नाही. "मी सांगते, तू ऐक. पटलं तर ठेव, नाय तर सोड," असं तिचं म्हणणं. मला तिनं येशूच्या जन्माची गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती मी धनगर म्हणून. "देवदूत पहिल्यांदा कुणाकडं गेला, सांग. राजाकडं नाय, भटाकडं नाय. रानात मेंढरं राखणाऱ्यांकडं गेला. तुमच्याकडं!" मी विचारलं, "मग ते काय म्हणाले?" "म्हणायचं काय? उठले आणि बाळाला बघायला पळाले." मी म्हणाले, "सगळे?" "सगळे." मी म्हणाले, "मग ते धनगर नव्हेत. रानात कळप टाकून सगळे जात नसतेत. लांडग्याला काय देवदूतानं निरोप दिला होता व्हय? एक जण तरी मागं राहिला असणार." पुढच्या रविवारी मार्थानं हे पाळकांना विचारलं. पाळक म्हणाले, असलं पुस्तकात नाही. ती मला येऊन म्हणाली, "पुस्तकात नाय, पण तुझं खरं वाटतंय." नंतर ती जिथं जिथं ही गोष्ट सांगायची तिथं पुस्ती जोडायची, "एक जण मात्र मेंढरांपाशी राहिला, असं माझी शेजारीण म्हणती." मंडळीतल्या पंचांनी तिला यावरून दोनदा टोकलं. तिनं ऐकलं नाही.

नाताळच्या आधी त्यांच्यात गाण्याची फेरी निघते. दिवे लागायच्या सुमाराला ढोलकी, खंजिरी आणि कामट्यांचा कागदी तारा घेऊन दहा-पंधरा जण घरोघर जातात. पूर्वी ही फेरी फक्त मंडळीच्या घरांना जायची. मार्थानं ती ओळीतल्या सगळ्या दारांना न्यायला सुरुवात केली. तिचा एक नेम होता. दुसऱ्याच्या दारावर थाप मारायची नाही. दारापुढं एक कडवं म्हणायचं. दार उघडलं तर पुढचं, आत बोलावलं तर सगळं गाणं आणि गोष्ट. नाही उघडलं तर पुढचं घर. "आनंदाची खबर हाय, वसुली न्हवं," म्हणायची. पहिली दोन-तीन वर्षं मी दार उघडायचे. आत्याबाई तोंड फिरवून बसायच्या, पण गाणं ऐकायच्या. ढोलकी त्यांना आवडायची.

मग ते वर्ष आलं. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि मराठवाड्यात खेडोपाडी बौद्धांच्या वस्त्या पेटल्या. शहरात मोर्चे, बंद, कारखान्यात एका मशीनवरची दोन माणसं एकमेकांशी बोलेनात. मार्थाची मावशी एका खेड्यात राहायची. मार्थाच्या आईनं धर्म बदलला, मावशीनं बुद्धाचा रस्ता धरला, पण बहिणी त्या बहिणीच. मावशीचं घर जळलं. ती नेसत्या पातळानिशी मार्थाकडं आली आणि राहिली. मधल्या भिंतीतून तिचं खोकणं मला ऐकू यायचं. धुरानं धरलेला खोकला होता, तो पावसाळा सरून थंडी आली तरी गेला नाही. नाताळ जवळ आला तसे मंडळीचे पंच मार्थाकडं आले. म्हणाले, यंदा फेरी आपल्यापुरतीच ठेवा. बाहेर गेलो तर लोक आपल्याला त्यांच्यात मोजतील. मार्थाचा आवाज भिंतीतून स्पष्ट आला. "मोजू द्या की! माझी मावशी हाय आतमधी. तिला घेऊनच जाणार मी गायला."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली. मी अंगणात शेणी लावत होते. उभ्या उभ्याच बोलली. "गया, माझ्या दारातनं निघालं की तुमचं दार पहिलं. तुझं उघडलं तर बाकीची उघडतील. तुझं नाय उघडलं तर कुणाचंच उघडणार नाय, आणि मावशी म्हणंल, शहरातबी तसंच. मला तिला दाखवायचंय की तसं नाय. उघडशील? नसंल जमत तर आत्ताच सांग, मी राग धरणार नाय. मी फेरी काढणारच नाय." मी म्हणाले, "एवढं काय विचारतीस? उघडते की." ती म्हणाली, "शब्द?" मी शेणाचा हात पुढं केला, म्हणाले, "घे." ती हसली आणि गेली.

फेरीच्या दिवशी दुपारी गावाहून माझा धाकटा दीर आला. दिवे लागायला तो जेवायला बसला, मी भाकरी थापत होते, आत्याबाई कोपऱ्यात. मालक पाळीवर गेले होते. बाहेर ढोलकी वाजली, गाणं सुरू झालं. मार्थाचा आवाज मला शंभरात ओळखू यायचा. एक कडवं झालं. मग खंजिरी नुसतीच वाजत राहिली... वाट बघत. दार लोटलेलं होतं, कडीसुद्धा नव्हती. मला कुणीही अडवलं नाही, हे आधी सांगते. दीर बोलला नाही, आत्याबाई बोलल्या नाहीत. पण दिराचं गाव मावशीच्या गावापासून दोन कोसांवर. दार उघडलं असतं तर दोघं एकमेकांसमोर आले असते. तो त्या जाळपोळीत होता का? मी तेव्हा विचारलं नाही आणि तो मरेपर्यंत विचारलं नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि बसून राहिले. बाहेर मार्थानं दुसरं कडवं म्हटलं. तिचा नेम एकाच कडव्याचा होता. तिनं माझ्यासाठी नेम मोडला, आणि तरी मी उठले नाही.

मग ते पुढं गेले. रहिमाबीचं दार धाडकन उघडल्याचं मी ऐकलं. "आव ना अंदर, बाहेर थंड में कायकू ठैरे? चाय पिव!" ती ओरडली. तिच्यामागं आणखी चार-पाच दारं उघडली. म्हणजे मी दार लावून कुणाचं काही अडलं नाही. मावशीनं रहिमाबीकडं चहा घेतला, पुढच्या घरी कुणी तिला पाट दिला. फक्त शब्द दिलेलं दार तेवढं बंद राहिलं.

नाताळच्या सकाळी मार्था दरवर्षीसारखी ताट घेऊन आली. पांढरं पातळ, डोक्यावर पदर. वरचा रुमाल मी काढला तर आत करंज्या नव्हत्या. रवा, मैदा, गुळाचा खडा, अर्धी खोबऱ्याची वाटी. शिधा. ज्याला आपल्या हातचं शिजलेलं चालत नाही त्याला आपण कोरडा शिधा देतो, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. ताट माझ्या हातात देऊन ती गेली. मी ते ताट आठ दिवस फळीवर तसंच ठेवलं. वाटलं, फेकून द्यावं. वाटलं, जाऊन भांडावं. शेवटी नवव्या दिवशी करंज्या केल्या आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले. "घे. तुझंच सामान हाय." ती म्हणाली, "तळल्या कुणी?" "मी." "मग खाते." तिनं तिथंच एक तोंडात घातली. मी विचारलं, "कोरडं का दिलंस?" ती खाता खाता म्हणाली, "तुमच्या शेळीला तेलकट बाधतं गं."

म्हणजे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. माहीत असून ती दर वर्षी ताट आणत होती. मला हसूही येईना आणि रागही येईना. दाराचं मात्र ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. पुढच्या नाताळला पुन्हा शिधा आला आणि मी न सांगता करंज्या तळून अर्ध्या तिकडं दिल्या. अशी ही रीत पडली. दहा वर्षांनी आत्याबाई गेल्या. आता घरात नको म्हणणारं कुणी नव्हतं. मी मार्थाकडं चहा घ्यायचे, पाणी प्यायचे. पण तिनं ताट वाढलं नाही आणि मी मागितलं नाही. विद्यापीठाला ते नाव मिळालं त्या दिवशी मावशीनं ओळभर पेढे वाटले, एक माझ्या हातावर ठेवला, तो मी खाल्ला. पेढा दुकानातला होता. ओळीतल्या खोल्या पडल्या, स्लॅबची घरं झाली, कारखाने चितेगावापर्यंत पसरले, रूतचा नवरा तिथं कामाला जाऊ लागला. शिधा येत राहिला. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं, एकदा कुणी फोटोही काढला. मार्था फोटोत सरळ बघते आहे, मी कढईत बघते आहे.

ती आजारी होती तेव्हा मी रोज दुपारी जाऊन बसायचे. एकदा ती म्हणाली, "गया, तू काहीतरी बोलायला येतीस आणि ज्वारीचा भाव सांगून जातीस." मी म्हणाले, "तुला ताप हाय, गप पड." ती म्हणाली, "बरं." असा तो शेवटचा मोका मी घालवला.

आणि परवा नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी रूत माझ्या दारात. हातात ताट, वर रुमाल. आत रवा, मैदा, गूळ, खोबरं. मी म्हणाले, "रूत, हे घरी घेऊन चल. तुझ्या कढईत तळ. मी तिथं बसून खाणार." ती म्हणाली, "नको काकू. आईनं सांगून ठेवलंय, काकूला कोरडंच द्यायचं, तिच्यात चालत नाय." मी तिला हाताला धरून त्यांच्या घरात नेलं, स्वयंपाकघरात खाली बसले आणि सगळं सांगितलं. शेळी, शब्द, दीर, दार. काही गाळलं नाही. रूत उभ्यानं ऐकत होती. म्हणाली, "दाराचं मला माहीत हाय. मी आईच्या कडेवर होते म्हणे. आई म्हणायची, गया उठली नाय, पण गाणं संपेस्तोवर तिनं भांडं वाजू दिलं नाय. आतून ऐकत होती." मी म्हणाले, "ते ऐकण्यासाठी नव्हतं बाई. भांडं वाजलं असतं तर दिरानं मान वर केली असती, म्हणून. भीतीनं." रूतनं हातातलं ताट खाली ठेवलं. रागावली असेल, तर तो तिचा हक्क होता. मग म्हणाली, "आईला हे सांगितलं असतं तर?"

मी म्हणाले, "आता कढई ठेव." ती म्हणाली, "काकू, मला करंजी येत नाय." मला वाटलं, टाळते आहे. पण ते खरं होतं. त्या घरात चकली होते, शंकरपाळी होतात. करंजी माझ्याकडून जायची, म्हणून मार्थानं ती करणं सोडून दिलं आणि लेकीला शिकवलीच नाही. रूत पन्नाशीला आली आहे. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या सणातली एक वस्तू त्यांच्या हातातून काढून घेतली आणि लोक त्यालाच एक कढई म्हणत होते.

मी हात लावणार नाही, एवढं ठरवलं. रूतनं रवा मैदा भिजवला, सैल भिजवला. खोबरं जास्त भाजलं. पारी जाड लाटली, कडा नीट दाबल्या नाहीत. पहिल्या चार करंज्या तेलात फुटल्या, सारण कढईभर पसरलं, गूळ करपून घरात वास सुटला. ती घामाघूम झाली होती. "काकू, तुम्ही घ्या ना झारा," म्हणाली. मी म्हणाले, "नाय." पाचवी अर्धवट उघडली, पण हाताला लागली. तिनं ती स्टीलच्या ताटलीत माझ्यापुढं ठेवली आणि ती वाईट झाली म्हणून रडवेली होऊन उभी राहिली. मी उचलली. एका बाजूनं काळी होती, दुसऱ्या बाजूनं कच्ची, खोबऱ्याला कडू चव होती. "थांबा, तोंड भाजंल," रूत म्हणाली. भाजलंच. मी सगळी खाल्ली आणि ताटली पुढं केली. म्हणाले, "दुसरी कर. कड ओल्या बोटानं दाब."